जलशुद्धीकरण केंद्रासाठी जैविक तपासणीचे सल्लागार: कोण काय देतं आणि कुठे कमी पडतं

निविदेत बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘कच्च्या व शुद्ध पाण्याची जैविक तपासणी करून मासिक अहवाल सादर करणे.’ ही ओळ वाचून एक सल्लागार महिन्याला दोन बाटल्या कोलिफॉर्मसाठी (विष्ठेच्या दूषणाचा इशारा देणाऱ्या जिवाणूंसाठी) भरतो, दुसरा धरणाच्या तीन खोलींवरून शेवाळाचे नमुने घेतो आणि तिसरा नदीपात्रातले दगड उलटून त्यांना चिकटलेले किडे मोजतो. तिघांचे दर एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतात आणि एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दराच्या, न्यायाने काम पहिल्याला जातं. वर्षअखेरीस बारा अहवाल हातात येतात. पण एप्रिलात पाण्याला मातीचा वास का आला किंवा ऑगस्टमध्ये फिल्टर चार तासांत का तुंबले, याचं उत्तर त्यातल्या एकाही अहवालात नसतं.

महाराष्ट्रातल्या नगरपालिका, महापालिका, प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आणि औद्योगिक वसाहतींची केंद्रं यांना ही सेवा आज ज्या रूपांत मिळते, तिचं हे परीक्षण आहे. कुठल्या एका कंपनीचं नाही. भर पिण्याच्या पाण्यावर आहे, सांडपाण्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

मागणीतच घोळ असतो

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५००, २०१२ ची आवृत्ती, सगळ्यांच्या कपाटात असते. त्यातली १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळू नये ही अट केंद्रावरच्या प्रत्येकाला पाठ असते. त्याच मानकात पुढे जे लिहिलंय ते फार कमी निविदांत उतरतं: एमएस-२ फाज (जिवाणूंवर वाढणारा विषाणू) १ लिटरमध्ये नसावा, क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया (जुलाब घडवणारे परजीवी) १० लिटरमध्ये नसावेत, आणि पाणी शेवाळ, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), कशाभिकाधारी (शेपटीसारख्या तंतूने पोहणारे) सूक्ष्मजीव, परजीवी आणि विष तयार करणारे जीव यांपासून मुक्त असावं. म्हणजे जैविक तपासणी म्हणजे कोलिफॉर्म एवढंच नाही, हे मानकच सांगतं. निविदा मात्र सांगत नाही.

सल्लागार शोधण्याआधी कामाचे तुकडे पाडावेत. जिवाणूंची नियमित तपासणी हे एक काम. धरणातल्या किंवा इनटेकवरच्या (पाणी उचलण्याच्या जागेवरच्या) प्लवकांची गणना हे दुसरं. फिल्टर, शुद्ध पाण्याची टाकी आणि उंच जलकुंभ यांत वाढणाऱ्या जीवांचा शोध तिसरं. नदीवर इनटेक असेल तर तळाच्या अपृष्ठवंशी जीवांवरून नदीची तब्येत पाहणं चौथं. या चार कामांना चार वेगळी कौशल्यं लागतात. एकाच छताखाली चारही चांगली मिळणं दुर्मीळ आहे.

कोण कसं आहे

एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा जिवाणूंसाठी उत्तम. बाटल्या निर्जंतुक येतात, नमुन्याच्या प्रवासाची नोंद राहते, निकाल वेळेत मिळतो. मान्यता आहे म्हणजे सगळ्याला आहे, असं मात्र धरून चालू नये. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची व्याप्ती उघडून जैविक विभागात नेमकी कोणती चाचणी, कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या पद्धतीने मान्य आहे ते पाहावं. ‘पिण्याचं पाणी’ आहे पण ‘पृष्ठभागावरील पाणी’ नाही, असं बऱ्याचदा निघतं. मग कच्च्या पाण्याच्या निकालावर मान्यतेचं चिन्ह वापरता येत नाही. प्लवकगणना तर व्याप्तीत क्वचितच असते, आणि तरीही दरपत्रकात ती बिनदिक्कत लिहिलेली असते. अशा ठिकाणी गणना कोण करणार, त्या माणसाचं नाव विचारलं की उत्तर अडखळतं.

पर्यावरण परवानगीची कामं करणाऱ्या मोठ्या सल्लागार संस्थांचे अहवाल देखणे असतात. नॅबेटची मान्यता, नकाशे, रंगीत छायाचित्रं, सगळं जागेवर. नवीन धरण, नवीन इनटेक किंवा मोठ्या विस्ताराआधीची एकदाची आधारभूत पाहणी करायची असेल तर त्यांना नेमायला हरकत नाही. दरमहाच्या कामाला त्या योग्य नाहीत. नमुने त्या पोटठेक्याने दुसऱ्याच प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि मधल्या हातांत तास वाया जातात. शिवाय नॅबेट ही पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागाराची मान्यता आहे, प्रयोगशाळेची नाही. या दोन मान्यतांची गल्लत करून पात्रतेच्या अटी लिहिल्या जातात आणि चांगल्या लहान प्रयोगशाळा दारातच अडतात. या संस्थांच्या अहवालात एक गोष्ट जरूर तपासावी: पावसाळा आणि उन्हाळा या दोन्ही ऋतूंची प्रजातींची यादी शब्दशः सारखी आहे का. असेल तर ती यादी पाण्यातून नव्हे, जुन्या फाइलमधून आली आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभाग ही या क्षेत्रातली सगळ्यात कमी वापरलेली आणि सगळ्यात गुणी जागा आहे. पंचवीस वर्षं शेवाळ पाहिलेला प्राध्यापक काचपट्टीवर नजर टाकताच मायक्रोसिस्टिस (विष तयार करू शकणारं निळं-हिरवं शेवाळ) आणि निरुपद्रवी हिरवं शेवाळ वेगळं सांगतो. कमतरता वेगळीच असते. परीक्षा आणि सुट्ट्या नेमक्या एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात, म्हणजे शेवाळ फुलण्याच्या दिवसांत विभागाला कुलूप. संशोधक विद्यार्थी प्रबंध जमा करून निघून गेला की कामही थांबतं. करारात दोन नावं लिहून घेतली, सुट्टीतल्या नमुन्यांचा वेगळा दर ठरवला आणि सूक्ष्मदर्शकाची चावी कोणाकडे राहील तेही नोंदवलं, तर ही अडचण सुटते.

सरकारी संस्था त्यांच्या त्यांच्या कामाला घ्याव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा ग्रामीण योजनांच्या नियमित तपासणीसाठी आहेत. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संपूर्ण प्रक्रियेच्या तांत्रिक परीक्षणासाठी विचारात घ्यावी. एखाद्या जीवाच्या ओळखीबद्दल वाद असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं आणि कोरेगाव पार्कला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे. नमुना नीट जपलेला असेल तर खात्री करून घेता येते.

मध्यम आकाराच्या केंद्राला सर्वांत चांगली बसणारी व्यवस्था अशी: जिवाणूंसाठी एनएबीएल प्रयोगशाळा, प्लवक आणि जलकुंभांतल्या जीवांसाठी महाविद्यालय, दोन स्वतंत्र वर्क ऑर्डर. दोन्हींचे निकाल गढूळपणा, तुरटीची मात्रा आणि फिल्टर धुण्याच्या नोंदींशेजारी मांडून वाचायचं काम केंद्राच्या केमिस्टचं. ते काम बाहेर देऊ नये.

बाटली भरल्यानंतरचे सहा तास

जिवाणूंच्या नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं: साधारण १२० मिलिलिटरच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिलिलिटर. पाण्यातला उरलेला क्लोरीन ते जागच्या जागी निकामी करतं. रासायनिक नमुने घेऊन हात बसलेला मदतनीस सवयीने हीच बाटली तीनदा खळबळून धुतो. थायोसल्फेट गटारात जातं, बाटलीतला क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात जिवाणू मारत राहतो आणि अहवाल येतो ‘निरंक’. नळाला त्या वेळी जे पाणी होतं त्याचा तो निकालच नसतो. सल्लागाराचा माणूस पहिल्यांदा येईल तेव्हा बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, तो बाटली धुतो का एवढं पाहावं.

त्याच जागी आणखी काही गोष्टी लगेच दिसतात. नळाची जाळी आणि रबरी नळी काढली का, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू दिलं का, तोंड ज्योतीने किंवा स्पिरिटने निर्जंतुक केलं का, झाकण उलटं ठेवलं की जमिनीवर टेकवलं, बाटलीत वर बोटभर जागा सोडली का. आणि त्याच नळावर, त्याच मिनिटाला उरलेला क्लोरीन मोजून लेबलावर लिहिला का. ग्राहकाच्या टोकाला तो किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. हा आकडा नसलेला जिवाणूंचा निकाल अर्धाच असतो, कारण कोलिफॉर्म सापडले तर क्लोरीन कमी पडला की वाटेत पाइप फुटून घाण शिरली हे त्याशिवाय सांगता येत नाही. क्लोरीन मोजायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीऐवजी डीपीडी हे रसायन वापरणारा सल्लागार घ्यावा. ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक आहे आणि मुक्त व संयुक्त क्लोरीन नीट वेगळा दाखवत नाही.

नमुना बर्फाच्या पेटीत, अंधारात, ४ अंशांच्या आसपास राहावा आणि शक्यतो सहा तासांत चाचणीला लागावा. चोवीस तास ही शेवटची हद्द. एक मोटरसायकल सकाळी सहाला निघून पाच गावांच्या बाटल्या गोळा करत रात्री प्रयोगशाळेत पोहोचते, तेव्हा पहिल्या गावाची बाटली पंधरा तास फिरलेली असते. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख असते, वेळ नसते. म्हणून करारात या चार वेळांची नोंद मागावी: बाटली भरली, पेटीत ठेवली, प्रयोगशाळेत पोहोचली, उबवणीला लावली. पोहोचतानाचं पेटीतलं तापमानही.

किती नमुने, याचा सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेच्या) नियमावलीतला हिशेब सोपा आहे: लोकसंख्या २० हजारांपर्यंत असेल तर दर ५ हजार माणशी महिन्याला एक, आणि १ लाखाच्या वर दर १० हजार माणशी महिन्याला एक, रोज थोडे थोडे. तीन लाखांच्या शहराला म्हणजे महिन्याला तीस. सल्लागार हे तीस एकाच सोमवारी गोळा करायला निघाला तर उरलेल्या एकोणतीस दिवसांचं पाणी कोणी पाहिलेलंच नसतं.

अहवाल वाचायचा कसा

एमपीएन, म्हणजे किती नळ्यांत जिवाणू वाढले त्यावरून संख्येचा अंदाज काढण्याच्या, पद्धतीत ‘शून्य’ असा निकाल येऊ शकत नाही. १०, १ आणि ०.१ मिलिलिटरच्या पाच-पाच नळ्यांपैकी एकही सकारात्मक नसेल तर निकाल ‘१.८ पेक्षा कमी’ असतो, जुन्या तक्त्यात ‘२ पेक्षा कमी’. अहवालात एमपीएन शून्य लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याने तक्ता उघडलेलाच नाही. उलट टोकाला, जुलै ते सप्टेंबर सलग कच्च्या पाण्याचा निकाल ‘१६०० पेक्षा जास्त’ येत असेल तर नमुना पातळ न करताच लावलाय. आकडा १७०० आहे की दोन लाख, हे कळत नाही, आणि केंद्रावर येणारा भार नेमका तिथेच कळायला हवा. अशा अहवालाचे पैसे देऊ नयेत. पातळ करून पुन्हा लावायला सांगावं.

पाच नळ्यांच्या एमपीएनची अनिश्चितता मोठी असते, आकड्याच्या साधारण एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत. म्हणून ४० चे ७० झाले यावरून ‘प्रदूषण वाढलं’ असा निष्कर्ष काढणारा सल्लागार आकड्यांशी खेळतोय. शुद्ध पाण्यासाठी ०.४५ मायक्रॉनच्या पटलावर १०० मिलिलिटर गाळण्याची पद्धत बरी, निकाल दिवसभरात मिळतो. एमपीएनला आधीचे ४८ आणि खात्रीचे ४८ तास जातात. आणि एच-टू-एसची (दूषित पाण्यातल्या जिवाणूंच्या हायड्रोजन सल्फाइडने) काळी पडणारी बाटली गावपातळीवर पटकन अंदाज घ्यायला ठीक आहे, केंद्राच्या मासिक अहवालात तिला जागा नाही.

सल्लागाराची परीक्षा फार खर्चाची नसते. क्लोरीन नसलेल्या निर्जंतुक एक लिटर पाण्यात १ मिलिलिटर कच्चं पाणी मिसळायचं, त्याच्या दोन बाटल्या करायच्या आणि दोन वेगवेगळ्या वस्त्यांची नावं घालून नेहमीच्या नमुन्यांत सरकवायच्या. सोबत एक बाटली नुसत्या निर्जंतुक पाण्याची. पहिल्या दोन्ही निरंक आल्या किंवा तिसऱ्यात कोलिफॉर्म सापडले तर पुढचं बोलणं सोपं होतं. तिमाहीला एकदा हे करावं, आणि करारात आधीच लिहून ठेवावं, म्हणजे कोणाला अपमान वाटत नाही.

शेवाळ: इथे खरा कस लागतो

उजनीसारख्या, वरच्या शहरांचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या जलाशयावर ज्यांचं केंद्र चालतं, त्यांनी या कामाला जिवाणूंएवढंच महत्त्व द्यावं. सल्लागार इथे तीन ठिकाणी घसरतात.

पहिलं, नमुना घेण्याचं साधन. प्लवकजाळीतून ५० लिटर पाणी ओतायचं आणि गोळा झालेलं मोजून ‘वनस्पतिप्लवक प्रतिलिटर’ असा आकडा द्यायचा, ही सर्रास चालणारी पद्धत चुकीची आहे. ६४ मायक्रॉनच्या जाळीतून बहुतेक लहान पेशी सुटून जातात. जाळी प्रजातींच्या यादीसाठी आणि प्राणिप्लवकांसाठी. संख्येसाठी सबंध एक लिटर पाणी घ्यायचं, त्यात ल्युगोलचं आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत घालायचं, अंधारात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास निवळू द्यायचं आणि वरचं पाणी सायफनने हळूच काढून ५० मिलिलिटरवर आणायचं. ल्युगोलऐवजी फॉर्मॅलिन घातलं तर नाजूक कशाभिकाधारी पेशी फुटतात आणि अहवालात त्या नसल्यासारख्या दिसतात.

दुसरं, वेळ आणि जागा. मायक्रोसिस्टिस पेशींतल्या वायुपुटिकांमुळे तरंगतं. शांत रात्रीनंतर सकाळी ते पृष्ठभागावर साय धरल्यासारखं जमतं, वारा सुटला की एका काठाला ढकललं जातं. दुपारी धरणाच्या मधोमध भरलेली बाटली आणि सकाळी सातला इनटेकच्या तोंडाशी भरलेली बाटली यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. जॅकवेलला (पाणी उपसण्याच्या विहिरीला) वेगवेगळ्या उंचीचे दरवाजे असतील तर प्रत्येक दरवाजाच्या पातळीचा वेगळा नमुना हवा, तोही खोलीवर बंद होणाऱ्या नमुनापात्राने. हा निकाल हातात असेल तर कुठला दरवाजा उघडा ठेवायचा ते त्याच दिवशी ठरवता येतं, आणि तेवढ्यानेच सल्लागाराची वर्षाची फी वसूल होते.

तिसरं, मोजणी. सेजविक-राफ्टर काचपट्टीत १ मिलिलिटर मावतं, ५० मिलिमीटर लांब, २० रुंद, १ खोल. एकूण १०० घटक मोजले तर चूक साधारण २० टक्के, ४०० मोजले तर १० टक्के. अहवालात किती घटक मोजले ते लिहिलेलं हवं. त्याहून महत्त्वाचं, ‘घटक’ म्हणजे काय ते हवं. मायक्रोसिस्टिसच्या एका वसाहतीत शेकडो पेशी असतात. एकाने वसाहती मोजल्या, दुसऱ्याने पेशी मोजल्या, तर एकाच पाण्याचे आकडे शेकडोपटींनी वेगळे येतात, आणि दोघेही ‘प्रतिमिलिलिटर’ असंच लिहितात. वसाहती फोडून पेशी मोजायच्या की पेशींचं घनफळ द्यायचं, हे निविदेतच ठरवावं.

नीट मोजलेल्या एका नमुन्याला अनुभवी माणसाचे दोन-तीन तास जातात. म्हणजे दिवसाला तीन, फार तर चार नमुने. दरपत्रकात एकच तज्ज्ञ आणि आठवड्याला साठ नमुने असतील तर त्यातले बरेचसे मोजले जाणार नाहीत, हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे.

निकाल आल्यावर मिळणारा सल्लाही पारखून घ्यावा. हिरवं पाणी दिसलं की ‘प्री-क्लोरिनेशन वाढवा’ हे ठरलेलं वाक्य येतं. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या बाबतीत ते उलटं पडतं: विष आणि वास देणारे पदार्थ बऱ्याच अंशी पेशीच्या आत असतात, क्लोरीनने पेशी फुटली की ते पाण्यात विरघळतात आणि मग तुरटीला किंवा वाळूला दाद देत नाहीत. धरणात मोरचूद टाकण्याचंही तेच. पेशी अखंड असतानाच तुरटीने बसवून, गाळ लगेच काढून टाकणं बरं, आणि त्या दिवसांत फिल्टर धुतलेलं पाणी पुन्हा इनलेटला घेऊ नये. जाणता सल्लागार विषाच्या तपासणीसाठी नमुना गडद काचेच्या बाटलीत घेतो आणि त्याचे दोन भाग करतो, एक सबंध पाण्याचा आणि एक गाळलेल्या पाण्याचा. त्यावरून विष अजून पेशींत आहे की सुटलं आहे ते कळतं. मायक्रोसिस्टिन-एलआर या शेवाळाच्या विषासाठी दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. मातीच्या वासाचं जिओस्मिन तर याहून कितीतरी कमी, दहा नॅनोग्रॅमच्या आसपास, नाकाला कळतं.

अहवालाच्या भाषेचा एक धोका इथे नोंदवायला हवा. परदेशी पुस्तकांवरून लिहिणारे सल्लागार सक्रिय कार्बनच्या भुकटीला ‘पीएसी’ म्हणतात. आपल्या केंद्रांवर पीएसी म्हणजे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड. ‘वासासाठी पीएसीची मात्रा वाढवा’ हे वाक्य वाचून ऑपरेटर काय वाढवील ते उघड आहे. शिफारशी मराठीत, रसायनाचं पूर्ण नाव घालून लिहून घ्याव्यात.

डायाटम या कवचधारी सूक्ष्म शेवाळाचा प्रश्न वेगळा. सिनेड्रा, मेलोसिरा यांच्या काचेसारख्या कवचांनी फिल्टरची वरची वाळू तुंबते आणि चोवीस तास चालणारा बेड चार-पाच तासांत धुवावा लागतो. विषाचा धोका नसतो, पण धुण्याचं पाणी आणि वीज यांचा खर्च वाढतो. सल्लागाराने प्लवकांचे आकडे फिल्टर-रनच्या (दोन धुण्यांमधल्या) तासांशेजारी मांडून दिले नाहीत तर हा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही.

नळातून आलेली लाल अळी

ही तक्रार आली की नगरसेवकाच्या फोनपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं एका दिवसात होतं. सल्लागाराची पारख करायला हा प्रसंग उत्तम. लाल, सेंटिमीटरभर लांबीचा जीव दोन प्रकारचा असू शकतो. भिंगाखाली एका टोकाला गडद, टणक डोकं आणि पुढे-मागे आखूड पायांसारखे उंचवटे दिसले तर ती कायरोनोमिड माशीची अळी. डोकं नाही, पाय नाहीत, अंगावर बारीक केस आणि वेटोळं घालून बसलेला असेल तर तो ट्युबिफेक्ससारखा गांडूळवर्गीय कृमी. हे ओळखायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं यावर ठरतं.

कायरोनोमिडची माशी बाहेरून येऊन अंडी घालते. म्हणून जलकुंभाच्या वायुवीजन नळ्यांची जाळी फाटली आहे का, मॅनहोलचं झाकण नीट बसतं का, शुद्ध पाण्याच्या उघड्या चॅनेलवर रात्री दिवा जळतो का, हे पाहायचं. जाळी एक मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक हवी. गांडूळवर्गीय कृमी असेल तर शोध फिल्टर बेडमध्ये, टाकीच्या तळच्या गाळात आणि पाइपच्या गळतीत घ्यायचा. नायससारखे लहान कृमी नीट न धुतलेल्या वाळूत वाढतात आणि खालच्या नॉझलमधून पुढे निघून जातात. ‘क्लोरीनचा डोस वाढवावा’ एवढंच लिहिणारा अहवाल परत पाठवावा. पिण्यायोग्य पाण्यातल्या क्लोरीनने अळी मरत नाही. चांगला सल्लागार फिल्टरच्या आउटलेटपासून शेवटच्या वस्तीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर शंभर लिटर तरी पाणी बारीक जाळीतून गाळतो आणि जीव पहिल्यांदा कुठे दिसला ती जागा सांगतो. तक्रारदाराच्या घरची गच्चीवरची टाकीही त्या यादीत असायला हवी, अनेकदा उगम तिथेच सापडतो.

कोलिफॉर्मच्या पलीकडे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस सापडले, आणि पाणीपुरवठ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तेव्हापासून सल्लागारांच्या दरपत्रकांत ‘पॅथोजेन पॅनेल’ (रोगजंतूंच्या जनुकीय चाचण्यांचा संच) नावाची महागडी ओळ दिसते. ती सरसकट घेऊ नये. जनुकीय चाचणी मेलेल्या जिवाणूचाही अंश दाखवते. क्लोरीन दिलेल्या पाण्यात सकारात्मक निकाल आला तर त्याचा अर्थ लावणारा माणूस नसेल तर नुसती घबराट होते. अशी चाचणी कच्च्या पाण्यावर, विहिरींवर आणि उद्रेकाच्या वेळी उपयोगी पडते.

क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया मात्र मागावेत, निदान पावसाळ्यात दोनदा. क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटी (जाड कवचातली सुप्त अवस्था) नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यांना अडवतो तो फिल्टरच. पद्धत अमेरिकी पर्यावरण संस्थेची, १६२३ क्रमांकाची: दहा लिटर पाणी गाळायचं, चुंबकीय मण्यांनी पुटी वेगळ्या करायच्या, रंगवून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. एकच प्रश्न विचारावा: ‘मॅट्रिक्स स्पाइकची रिकव्हरी किती?’ मोजून मिसळलेल्या पुटींपैकी किती परत सापडल्या हा आकडा नसेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काही किंमत नाही.

नदी आणि सांडपाणी, थोडक्यात

नदीवरच्या इनटेकसाठी तळाच्या जीवांची पाहणी वर्षातून दोनदा पुरे, पूर ओसरून महिनाभर झाल्यावर आणि मार्चमध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत कुळापर्यंतची ओळख पुरते आणि नदीला अ ते ई असा वर्ग मिळतो. जागा निवडताना इनटेकच्या वर एक आणि शहराचा नाला मिसळतो त्याच्या खाली एक एवढं तरी हवं.

सांडपाणी केंद्रावर माशांची चाचणी असते, शंभर टक्के प्रक्रिया केलेल्या पाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहायला हवेत. मासे मेले तर पाण्यातला अमोनिया आणि उरलेला क्लोरीन किती होता ते अहवालात असायला हवं, एरवी कारण कळत नाही. एअरेशन टाकीतला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ताजाच पाहावा लागतो. अर्धी भरलेली बाटली काही तासांत काचपट्टीवर गेली तर देठावरचे व्हॉर्टिसेला हे सूक्ष्मजीव हलताना दिसतात, दुसऱ्या दिवशी काही सांगता येत नाही. एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो याचा निर्देशांक) १५० च्या वर जात असेल आणि सल्लागाराने तंतुमय जिवाणू पाहिलेच नसतील तर तो नुसतं भांड्यातलं पाणी मोजतोय.

करारात लिहून घ्यायच्या गोष्टी

मासिक ठोक रक्कम देऊ नये, नमुनागणिक दर घ्यावा आणि वेळांची नोंद नसलेला नमुना बिलातून वजा करावा. सूक्ष्मदर्शकामागे बसणाऱ्याचं नाव आणि एक बदली नाव करारात असावं. दहा टक्के नमुने दुबार आणि प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना सल्लागाराच्या खर्चाने असावा. ‘तातडीची फेरी’ असं वेगळं कलम ठेवावं: कच्च्या पाण्याचा गढूळपणा एकदम वाढला, पाण्याला वास आला किंवा मासे मेले तर चार तासांत माणूस जागेवर हवा, त्याचा दर आधी ठरलेला. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहत नाही. कोलिफॉर्म सापडल्याचा निरोप फोनवर, त्याच तासाला, लेखी अहवाल नंतर. गुणवत्ता आणि दर यांचं वजन ७०:३० ठेवता आलं तर ठेवावं. एल-वनच सक्तीचा असेल तर तांत्रिक पात्रतेत इच्छुकांना एकाच जलाशयाचा गुप्त नमुना मोजायला द्यावा.

कच्ची मोजणीपत्रकं, मापपट्टीसह छायाचित्रं, ल्युगोलमधल्या बाटल्या आणि काचपट्ट्या ही केंद्राची मालमत्ता असल्याचं स्पष्ट लिहावं. ल्युगोलचा रंग उडतो, म्हणून बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवून तीन महिन्यांनी आयोडीनची भर घालावी लागते. ते कोण करणार तेही ठरवावं. काचपट्ट्यांचा डबा तारीख, जागा आणि खोलीच्या लेबलांसह केंद्राच्या प्रयोगशाळेत जमा झाल्यावरच मेजरमेंट बुकात अंतिम बिलाची नोंद करावी.